पाठमोरं कडवं

४ जानेवारी

प्रिय ताईस,

नमस्कार. मी बरी आहे. तूही बरीच असशील, तुला नेहमीच बरं असतं.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघून आता कोण गेलं म्हणून नातेवाईक मोजायला लागले, कारण गेल्या सहा वर्षांत तुझी दोनच पत्रं आली आणि दोन्ही कोणी ना कोणी गेल्याची होती. उघडलं तर आत चक्क विनंती. तू आणि विनंती! मी खुर्चीत बसून पत्र दोनदा वाचलं, एकदा मजकुरासाठी आणि एकदा मजेसाठी.

तर तुला बातमी लागली. हो, बाबांचं नाटक मी पुन्हा उभं करते आहे, एकतीस वर्षांनी. निर्माता फरश्यांचा व्यापारी आहे. त्याच्या आईने त्या वेळी हे नाटक चार वेळा पाहिलं होतं, म्हणून तिच्या पंचाहत्तरीला त्याला ते करायचंय. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण तालमीला त्याने आपल्या गोदामाच्या वरचा हॉल दिला आहे. खाली फरश्या उतरवतात तेव्हा धडाधड आवाज होतो आणि आमचे ऑर्गनवाले काका दचकून भलत्याच पट्टीवर हात ठेवतात. हो, तेच काका, बाबांचे. एक्क्याऐंशी वर्षांचे झाले. ऐकू कमी येतं, बोटं शाबूत आहेत. त्यांना सगळं आठवतं, ताई. सगळं म्हणजे सगळं.

नायिका निवडण्याची गंमत सांगते. बावीस मुली आल्या. मी आधीच ठरवलं होतं की एकीचाही चेहरा बघायचा नाही. हॉलच्या मधोमध पडदा बांधला. अलीकडे मी आणि काका, पलीकडे मुलगी आणि तिच्या हातात नंबराची चिठ्ठी. निर्माता म्हणाला, "अहो बाई, नायिका बघायची नाही तर काय हुंगायची?" मी म्हटलं, "तुम्ही फरशी घेताना वाजवून बघता ना? तसंच समजा." त्याने उठून पडद्याची दोरी ओढून घट्ट केली, कारण फरशीचं उदाहरण त्याला लगेच पटतं.

सगळ्यांना एकच गाणं दिलं होतं, तुझं गाणं. आणि ताई, शेवटचं कडवं आलं की एक सोडून सगळ्या पाठमोऱ्या होत होत्या! मला दिसत नव्हतं, पण पावलं घासल्याचा आवाज यायचा आणि मग सूर भिंतीवर आपटून यायचा. एकीला मी विचारलं, "बाळ, का वळलीस?" म्हणाली, "मॅडम, ती परंपरा आहे. दुःख पाठीतून दाखवायचं. आम्हाला वर्गात शिकवतात." काकांना हसून हसून ठसका लागला. त्या वर्षीची परीक्षणं आठवतात ना तुला? 'ऐन उत्कर्षबिंदूला प्रेक्षकांकडे पाठ फिरवण्याचं धाडस.' आता त्या धाडसाचा अभ्यासक्रम झाला आहे.

आणखी एक. त्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीत, शब्द मधेच तोडून, सगळ्यांनी श्वास घेतला. तुझ्या रेकॉर्डवर तो तिथे आहे म्हणून. तो श्वास तिथे का आला, हे तू कोणाला कधी सांगितलं आहेस का? सहज विचारते.

तुझ्या विनंतीबद्दल. तू लिहितेस, 'आमच्या ढब्बूला गाण्याचं वेड आहे. दिसायला बेताचीच, तुझ्यावर गेली आहे. सखीबिखी म्हणून गर्दीत कुठेतरी उभी करता आली तर बघ.' सत्तावीस वर्षांच्या मुलीला अजून ढब्बू म्हणतेस! ती तुझ्यापासून चार तासांवर, माझ्याच गावात नोकरी करते आणि हे तू मला आता लिहावंस, हेही आपल्या घराला शोभतंच.

नायिकेची निवड अजून व्हायची आहे. ढब्बूसाठी काहीतरी शोधते. घाई करू नकोस.

तुझी,
धाकटी


२१ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं उलट टपाली पत्र आलं. सखीचं काम मिळालं का म्हणून विचारतेस.

आधी एक खोटं निस्तरते. निवड व्हायची आहे असं मी लिहिलं होतं. ती तुझं पत्र यायच्या दोन दिवस आधीच झाली होती.

सतरा नंबरची मुलगी गायला लागली आणि दुसऱ्या ओळीला काकांनी ऑर्गन थांबवला. ते चुकून कधी थांबत नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खुणेने विचारलं, तू गाते आहेस का? मी ओठ मिटून दाखवले. पलीकडे ती साथीशिवाय गातच राहिली. शेवटच्या कडव्याला ती वळली नाही. ती ते कुठल्या वर्गात शिकलीच नव्हती, नुसतं रेकॉर्डवर ऐकलं होतं, मग वळेल कशाला? पण तिसऱ्या ओळीतला श्वास तिने बरोबर तिथेच घेतला.

मी उठून पडदा बाजूला केला. समोर मीच उभी होते, ताई. तीच उंची, तेच बसकं नाक, तीच जाड मनगटं. म्हणाली, "मावशी, मी ताईची... म्हणजे तुझ्या ताईची मुलगी. आईला सांगू नकोस हं. ती नको म्हणेल. मी तिच्या रेकॉर्डवरच शिकले. ती स्वतः कधी गात नाही ना, गळा दुखतो म्हणते."

आता ते लिहिते, जे तू आणि मी एकतीस वर्षं लिहिलं नाही.

अडतिसाव्या प्रयोगाला तुझ्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी वरचे सूर बंद केले. बाबांना नाटक बंद करायचं नव्हतं. काकांनी सुचवलं, धाकटीला उभी करा, तिचा गळा मोठीपेक्षा दोन सूर वर जातो. मी तिथेच उभी होते. बाबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "हिला पुढे उभी केली तर लोक हसतील. आपलं काही विनोदी नाटक नाही." तू आरशासमोर अंबाड्याला काटे लावत होतीस. तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस.

मग बाबांनी ती युक्ती काढली. शेवटच्या कडव्याला नायिका खिडकीकडे तोंड करणार, म्हणजे ओठ दिसायचे नाहीत, आणि खिडकीच्या पडद्याआड मी. खिडकी बुटकी होती म्हणून स्टूलही बुटकं. गुडघे छातीला टेकायचे. तिसऱ्या ओळीपाशी पोट दबून माझा दम तुटायचा. त्या थोर श्वासाची ही एवढीच हकीकत. रेकॉर्ड काढतानाही सवयीने तिथेच तुटला. एकशे बारा प्रयोग, एक रेकॉर्ड आणि त्या वर्षीचं बक्षीस. तू मला म्हणाली होतीस, "नाटक बंद झालं की मी स्वतः सगळ्यांना सांगेन." नाटक बंद झालं. तू लग्न करून गेलीस. मी शाळेत पोरांना प्रार्थना शिकवायला लागले.

तर आता ढब्बूचं काम.

निर्मात्याने तिला पाहिलं आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "आवाज बेस्टच आहे हो, पण पोस्टरवर कोण?" दुसऱ्या दिवशी तो एक मुलगी घेऊन आला. दागिन्यांच्या जाहिरातींत हिची मान असते. फक्त मान. चेहरा आतापर्यंत कोणी पाहिला नव्हता, तोही छान आहे. सूर मात्र असा लावते की काका श्रवणयंत्र काढून खिशात टाकतात. मी भांडले असते तर निर्मात्याने ऐकलं असतं, तो मला घाबरतो. मी भांडले नाही. म्हटलं, "हरकत नाही. मान पुढे, गळा मागे. आमच्या घरची जुनी पद्धत आहे."

तुझी मुलगी काय म्हणाली सांगू? "मावशी, गायला मिळेल ना? मग कुठेही बसव."

आता नीट वाच. कार्यक्रमपत्रिका दहा फेब्रुवारीला छपाईला जाते. त्याआधी तू तिला एक वाक्य सांगायचं: रेकॉर्डवरचं शेवटचं कडवं माझं नाही, मावशीचं आहे. तिने येऊन मला म्हटलं की "आईने सांगितलं", की त्याच दिवशी मी तिला पुढे उभी करीन. मग निर्माता फरशीवर डोकं आपटून घेवो. नाही सांगितलंस, तर तुझी मुलगी त्या पडद्याआड बसेल आणि दुसरीच कोणीतरी तिच्या सुरावर ओठ हलवील.

हा दुष्टपणा आहे असं तू म्हणशील. आहेच. तो करताना मला मजा येते आहे, हेही लिहून ठेवते.

वाट पाहते आहे.

तुझी,
धाकटी


११ फेब्रुवारी

ताई,

काल संध्याकाळपर्यंत थांबले. ती आली, पाणी प्यायली, गायली, गेली. काही बोलली नाही. आज सकाळी तुझं पत्र आलं.

तू लिहितेस, 'रेकॉर्डवरचं ते कडवं तुझं आहे, हे तिला सांगू नकोस. या वयात उगाच काय उकरून काढायचं? मागे तर मागे. गायला मिळतंय ना? तिच्या रूपाला तेवढंच पुष्कळ.'

मी हे चार वेळा वाचलं. मला वाटलं होतं तू सांगशील. हसू नकोस, खरंच वाटलं होतं. माझ्यासाठी नाही सांगणार हे मला ठाऊक होतं, म्हणून तर मुलीला मध्ये घातलं. पोटच्या पोरीसाठी तरी आई एक वाक्य खर्च करील, असा माझा हिशेब होता. तू बाबांच्याही वर गेलीस. बाबा निदान माझ्या तोंडावर म्हणाले होते.

पत्रिका रातोरात छापून आज दुपारी आली, एक सोबत पाठवते. नायिका म्हणून पहिल्या पानावर मान आहे. तुझ्या मुलीचं नाव शेवटच्या पानावर, प्रकाश आणि वेशभूषेच्या खाली, 'पार्श्वसाहाय्य' म्हणून. टाइप बारीक आहे, चष्मा लावून बघ. तिने ते बोटाने शोधून काढलं आणि खूश झाली. स्वतःचं नाव छापून आलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं.

स्टूल मी नवीन करून घेतलं. सुताराने उंची विचारली. उंच सांगता आली असती, या वेळची खिडकी मोठी आहे. मी बुटकंच सांगितलं.

प्रयोग एक मार्चला, दुपारी चार वाजता. निर्मात्याला तू प्रमुख पाहुणी म्हणून हवी आहेस आणि मी हो म्हटलं आहे. पुढची रांग, मधली खुर्ची. ढब्बूने अजून तुला काहीच सांगितलेलं नाही. प्रयोग झाल्यावर विंगेतून बाहेर येऊन तुला चकित करायचा तिचा बेत आहे. तूही चकित झाल्याचं नाटक कर, तुला जमतं.

तुझी,
धाकटी


३ मार्च

ताई,

तू प्रयोग संपल्यावर न भेटता गाडीत बसून गेलीस, म्हणून मागे काय झालं ते तुला ठाऊक नाही. सांगते. मध्ये बोलू नकोस.

आधीची गाणीही ढब्बूनेच पडद्याआडून म्हटली, मानेने नुसते ओठ हलवले. शेवटच्या कडव्याला मान पाठमोरी झाली आणि ढब्बू गायली. मी तिच्या शेजारी उभी होते. तिसऱ्या ओळीपाशी मी सवयीने दम धरला, आणि तिने तो श्वास घेतलाच नाही. तशा आखडलेल्या गुडघ्यांनी ती ओळ सलग घेऊन गेली. मला ते कधीच जमलं नव्हतं. मला आनंद झाला आणि लगेच हेवा वाटला. दोन्ही अगदी सारखं वाटलं.

टाळ्या तू ऐकल्यासच. मग निर्मात्याने तुला वर बोलावलं आणि माइक हातात दिला. त्याची म्हातारी आई खालून ओरडली, "तो शेवटचा सूर कुठून यायचा हो तुम्हाला?" सगळे हसले. ढब्बू पडद्याच्या फटीतून तुझ्याकडे बघत होती, घामाने डबडबलेली, बाहेर पळायच्या तयारीत. मी मनात म्हटलं, आता सांगेल. तेवढं धाडस नसेल तर निदान विंगेकडे एकदा बघेल.

तू मानेच्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "तो सूर आज मी हिच्यात ऐकला. क्षणभर ही माझीच मुलगी वाटली."

ढब्बू टाळ्या वाजवत होती. तिच्या टाळ्या मध्येच थांबल्या. मला म्हणाली, "मावशी, आईला माहीत नव्हतं ना? मी गातेय हे तिला माहीतच नव्हतं, म्हणून ती असं बोलली. हो ना?"

'नव्हतं माहीत' असं मी म्हणायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. तू वाचली असतीस, ती तर नक्कीच वाचली असती. मी पर्स उघडली आणि तुझी तिन्ही पत्रं तिच्या हातात दिली. ती मी सकाळी घरून निघतानाच पर्समध्ये टाकली होती. का टाकली होती, हे तुला वेगळं सांगायला नको.

तिने तिथेच उभ्याने वाचली. पुढे तुम्ही फोटो काढत होतात. 'तिच्या रूपाला तेवढंच पुष्कळ' या ओळीवरून तिने दोनदा बोट फिरवलं. मला वाटलं, आता रडेल. ती रडेल, मी तिला जवळ घेईन, एकतीस वर्षांचं सगळं सांगेन, आणि मग ती तुझी उरणार नाही, माझी होईल. मला तेच हवं होतं. तुझी कबुली वगैरे नंतरची गोष्ट. पडदा बाजूला करून तिला पाहिलं तेव्हापासून मला ती हवी होती, आणि तुझ्या हातून हिसकावून हवी होती. आता लपवून काय करायचं?

ती रडली नाही. म्हणाली, "मी लहानपणापासून ऐकतेय तो आवाज तुझा आहे?"

"हो."

"मी गायला आले तेव्हा तू ओळखलंस?"

"दुसऱ्या ओळीला."

"आणि तरी मागे बसवलंस."

मी म्हटलं, "तुझ्या आईने एक वाक्य सांगितलं असतं, तर मी तुला—"

"मला कोणी विचारलं?" ती अजिबात आवाज न चढवता बोलत होती. "मावशी, भांडण तुमचं दोघींचं होतं. मी नुसती गायला आले होते."

पत्रं तिने ऑर्गनवर ठेवली, घडी घालून. आपली पिशवी उचलली आणि मागच्या दाराने गेली. मी तिच्यामागे पळत जिन्यापर्यंत गेले, पण हाक मारायला तोंड उघडलं तर मला तिचं खरं नावच आठवेना. पत्रिकेत मीच छापून घेतलं होतं, ताई. तोंडात ढब्बूच येत होतं, आणि ते मला ओरडवेना.

त्याला आज दोन दिवस झाले. फोन बंद आहे. घरमालकीण म्हणते, त्याच दिवशी येऊन कपडे घेऊन गेली, किल्ली देऊन गेली. कामावर राजीनामा पोचला आहे. कालचा प्रयोग रद्द केला. मानेने सगळ्यांना घसा बसल्याचं सांगितलं आहे. निर्माता माझ्या दारात येऊन विचारतो, गळा कुठे गेला, गळा कुठे गेला. काकांना वाटलं मी त्यांच्यापाशी मन मोकळं करावं, म्हणून मी केलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "तुझ्या बाबांना निदान नाटक चालवायचं होतं. तुला काय करायचं होतं?" ते ऑर्गन झाकून घरी गेले, पुन्हा आले नाहीत.

तुझ्यावर मी अजून रागावलेलीच आहे. तो राग काही गेलेला नाही आणि जाणार नाही. पण काल रात्रभर मला एवढंच वाटत होतं की ती कुठे जेवली असेल.

ती तुझ्याकडे आली असेल तर मला कळवू नकोस, ते मला सहन होणार नाही. आली नसेल तर मात्र पत्राची वाट बघू नकोस. ताबडतोब फोन कर.

तुझीच,
बहीण